नऊ बुधवारांचा पेशन्स

दहा मिनिटांत किराणा, दोन मिनिटांत नूडल्स, एका क्लिकवर लोन... सगळंच इन्स्टंट मिळणाऱ्या आपल्या जनरेशनला ‘थांबणं’ कोण शिकवणार? माहीमच्या चर्चबाहेरची रांग, केडगावचा छापखाना आणि पाय मोडून पडलेला एक सैनिक यांच्याकडे याची काही भन्नाट उत्तरं आहेत!

लिफ्ट खाली यायला वीस सेकंद लागणार हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तरी आपण बटण चार वेळा दाबतो. मेसेजवर ब्लू टिक दिसली आणि पाच मिनिटांत रिप्लाय आला नाही, की डोक्यात चक्रं सुरू. ‘रागावला असेल? की मुद्दाम इग्नोर करतोय?’ इंटरव्ह्यू देऊन आलो की दर दहा मिनिटांनी मेलबॉक्स रिफ्रेश. आणि अप्रेझलचा सीझन असेल तर विचारूच नका, महिनाभर अख्ख्या फ्लोअरचं बीपी हाय!

बरं, हे झालं किरकोळ वाट पाहणं. पण आयुष्यात काही रांगा अशा असतात, की आपला टोकन नंबर किती हेच कुणी सांगत नाही. लग्न जमत नाहीये. मूल होत नाहीये. आईचे रिपोर्ट्स यायचेत. घरातल्या कुणाचं व्यसन सुटत नाहीये. इथे रिफ्रेशचं बटणच नसतं. ‘अगं, जरा पेशन्स ठेव’ असं प्रत्येक जण सांगतो. तो ठेवायचा कसा, हे मात्र कुणीच सांगत नाही.

माझी एक मैत्रीण गेली काही वर्षं अशाच एका रांगेत उभी आहे. ती मूळची वसईची, कॅथलिक. अंधेरीतल्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. तिचा धाकटा भाऊ दारूच्या पायी दोन नोकऱ्या घालवून बसलाय. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला, दोन्ही वेळा घसरला. मागच्या वर्षी तिने सांगितलं, “मी माहीमचे नऊ बुधवार धरलेत. एकदा येतेस का सोबत?” स्टोरीचा वास आला म्हणून मी हो म्हटलं, हे आधीच सांगून टाकते.

बुधवार म्हणजे माहीम

मुंबईचा आठवडा देवांनी वाटून घेतलाय हे आपल्याला माहीतच आहे. मंगळवारी सिद्धिविनायक, गुरुवारी साईबाबा, शनिवारी मारुती. तसा बुधवार माहीमच्या सेंट मायकेल चर्चचा. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात उभं राहिलेलं हे चर्च शहरातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक आहे. आताची इमारत मात्र १९७३ची. बुधवारी इथे सकाळपासून रात्रीपर्यंत नोव्हेनाची प्रार्थना चालते. इंग्रजीबरोबर कोकणी, मराठी, हिंदीतही. ही प्रथा सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ला. तो दिवसही बुधवारच होता!

गंमत म्हणजे रांगेत फक्त ख्रिश्चन नसतात. कपाळावर टिकली, डोक्यावर स्कार्फ, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, सगळ्या प्रकारची माणसं दिसतात. बाहेर मेणबत्त्या आणि मेणाच्या आकृत्या विकायला असतात. घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, दुखणं असेल तर मेणाचा हात किंवा पाय. मध्यमवर्गीय मुंबईची सगळी विशलिस्ट एका टोपलीत मांडून ठेवल्यासारखी!

आमच्या पुढे एक वयस्कर आंटी उभ्या होत्या. माझी चुळबुळ बघून त्यांनी मागे वळून विचारलं, “फर्स्ट टाइम काय गं?”

“हो आंटी. किती वेळ लागेल?”

“घड्याळ बघायला आलीस, तर लई वेळ लागेल,” असं म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा जपमाळ ओढायला लागल्या.

आता हा ‘नोव्हेना’ काय प्रकार आहे? लॅटिनमध्ये ‘नोव्हेम’ म्हणजे नऊ. सलग नऊ दिवस, किंवा माहीमसारखे सलग नऊ बुधवार, एकाच हेतूने करायची प्रार्थना. पण नऊच का? याचं उत्तर मला फार आवडलं. नव्या करारातल्या कथेनुसार येशू स्वर्गात गेला तो पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी. जाताना त्याने शिष्यांना काही मोठी कामगिरी सांगितली, पण ती लगेच सुरू करायला नाही सांगितली. आधी यरुशलेममध्येच थांबा, म्हणाला. आणि पवित्र आत्मा आला तो पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टला. मधले नऊ दिवस शिष्य आणि मरियामाता एका घरात प्रार्थना करत बसून होते. पुढे काय होणार हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते नऊ दिवस म्हणजेच पहिला नोव्हेना!

म्हणजे बघा, नोव्हेनाचं मूळच मुळी ‘थांबा’ या शब्दात आहे. आपण मात्र त्याला नऊ हप्त्यांची ईएमआय स्कीम समजतो. नऊ भरले, आता डिलिव्हरी द्या! खुद्द चर्चचं म्हणणं वेगळं आहे. बाहेरचे उपचार पूर्ण केले म्हणून काम होणारच, असं मानणं ही अंधश्रद्धा आहे, अशी कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण आहे.

मार्शमॅलोचा फंडा

पेशन्स म्हणजे दात-ओठ आवळून कळ काढणं, असं आपल्या डोक्यात बसलंय. त्याला तो गाजलेला प्रयोगही थोडाफार जबाबदार आहे. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला. लहान मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जो थांबला त्याच्याकडे सेल्फ कंट्रोल, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पण २०१२मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी याला एक मस्त ट्विस्ट दिला. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. मार्शमॅलो समोर ठेवण्याआधी प्रत्येक मुलाला चित्र काढायचं छान सामान आणून द्यायचं प्रॉमिस केलं. एका गटाला ते खरंच आणून दिलं. दुसऱ्या गटाला ‘सॉरी, नाही मिळालं’ म्हणून सांगितलं. मग मार्शमॅलोची टेस्ट झाली. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती जेमतेम तीन!

चौपट फरक! मुलं तशीच होती. फरक होता तो समोरच्या माणसावरच्या विश्वासाचा. ज्याचा शब्द खोटा ठरतो त्याच्यासाठी कोण कशाला थांबेल? दुसऱ्या गटातली मुलं उतावळी नव्हती, ती प्रॅक्टिकल होती.

शिर्डीच्या पाटीवरचे ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ हे दोन शब्द आपण सगळ्यांनी टॅक्सीच्या मागच्या काचेवर शंभरदा वाचलेत. ख्रिस्ती परंपरेत हीच जोडी वेगळ्या वाटेने येते. बायबलच्या ग्रीक मजकुरात सहनशीलतेसाठी एक शब्द आहे, ‘माक्रोथुमिया’. ‘माक्रो’ म्हणजे लांब आणि ‘थुमोस’ म्हणजे राग, मनाची उसळी. थोडक्यात, ज्याच्या फटाक्याची वात लांब आहे तो माणूस! हिब्रूतला शब्द तर आणखी धमाल आहे. त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘लांब नाकाचा’. राग आला की नाकपुड्या फुलतात ना, तो राग नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचायला ज्याला वेळ लागतो तो.

आणि गंमत अशी, की जुन्या करारात हे विशेषण माणसाआधी देवाला लावलंय. पेशन्स हा तिथे मुळात देवाचा गुण आहे. तो आपल्याशी पेशन्सने वागतो, म्हणून आपणही वागायचं. मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच फिरते. देव आपल्याला ताटकळत ठेवतोय असं वाटण्याऐवजी, आपल्याला वाटेवर यायला जो वेळ लागतोय तेवढा वेळ तो थांबलाय, असं बघितलं तर वाट पाहण्याचा रंगच बदलतो.

सुटलेली चप्पल

माहीमच्या चर्चमध्ये ज्या मातेपुढे लोक नोव्हेना करतात ती ‘अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर’, म्हणजे सदैव मदतीला धावणारी माता. मूळ चित्र रोममध्ये, सेंट अल्फोन्सस चर्चमध्ये १८६६पासून आहे. त्याच्या प्रती जगभर पोचल्यात. वसई, वांद्रे, गोव्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर तुम्ही ते पाहिलं असेल. सोनेरी पार्श्वभूमी, निळ्या वस्त्रातली आई, कडेवर बाळ येशू.

मैत्रिणीने कोपराने ढोसून दाखवलं, “बाळाचा पाय बघ.”

बाळाच्या एका पायातली चप्पल सुटून पट्ट्यावर लोंबकळतेय. का? तर चित्रात वरच्या दोन्ही कोपऱ्यांत देवदूत आहेत. एक मायकेल, ज्याच्या नावाचं हे चर्च. दुसरा गॅब्रिएल. मायकेलच्या हातात भाला आहे आणि गॅब्रिएलच्या हातात क्रूस. बाळाने आपलं पुढचं मरण पाहिलंय, ते घाबरून आईकडे पळत आलंय, आणि त्या धावपळीत चप्पल सुटलीय, असा त्या चित्राचा अर्थ लावतात. बाळाने आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरलाय. पण मान अजून मागे, क्रूसाकडे वळलेली आहे.

आता नीट विचार करा. आई त्या देवदूताला हाकलत नाहीये. क्रूस चित्रातून जात नाही. तिने फक्त हात दिलाय. ‘माझं संकट दूर कर’ म्हणून लाखो माणसं ज्या चित्रासमोर हात जोडतात, त्या चित्रातलं संकट दूर झालेलंच नाही!

“पहिल्या बुधवारी मी भावाची दारू सुटू दे म्हणून मागितलं,” मैत्रीण परतीच्या लोकलमध्ये सांगत होती. “पाचव्या बुधवारपर्यंत मागणं बदललं होतं. आता म्हणते, त्याचा फोन आला तर मला नीट बोलता येऊ दे.”

दीड तपाचं भाषांतर

विश्वास ठेवून थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, याचं सगळ्यात दणदणीत उदाहरण आपल्या मराठी मातीतच आहे. पंडिता रमाबाई! शाळेच्या पुस्तकात त्या दोन ओळींत उरकल्या जातात. पण जरा त्यांचा बायोडेटा बघा.

जन्म १८५८चा. ऐन तारुण्यात, १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत नवरा गेला. पदरात तान्ही मुलगी मनोरमा. वय अवघं तेवीस-चोवीस. तोपर्यंत त्यांच्या संस्कृत विद्वत्तेने कलकत्त्याच्या पंडितांना थक्क केलं होतं आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्याही मिळाल्या होत्या.

१८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण नंतर स्वतःच्या आठवणीत त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवलंय, की धर्म स्वीकारला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी. आठ वर्षं! ‘ट्रायल पीरियड’मध्ये काही वाटलं नाही म्हणून अॅप डिलीट करणारे आपण, आणि इतकी वर्षं प्रश्नांसकट टिकून राहिलेल्या त्या.

परत आल्यावर १८८९मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३मध्ये मोठा गदारोळ झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या. तो वाद त्या काळात फार कडवट होता, आणि आजही त्यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. रमाबाई मात्र कामाला लागल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना त्या घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं सांभाळणारा तो माणूस. त्याच वाटेने जायचं त्यांनी ठरवलं. पण भरवसा देवावर, आणि विहिरी, शेती, छापखाना, शिवणकाम हे सगळं स्वतःच्या हाताने!

यातला सगळ्यात थक्क करणारा प्रोजेक्ट म्हणजे बायबल. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा मराठीत ते असावं, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक मुळापासून शिकल्या आणि एकहाती भाषांतराला बसल्या. काम चाललं जवळजवळ अठरा वर्षं, म्हणजे दीड तप! मुक्तीतल्याच मुली टाइप जुळवायच्या आणि छपाई करायच्या. १९२१मध्ये मनोरमा गेली, जी संस्थेची पुढची जबाबदारी घेणार होती. तरी हातातलं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

आपल्याला एक क्वार्टर टार्गेट चुकलं की करिअर संपल्यासारखं वाटतं. इथे अठरा वर्षांची डेडलाइन, आणि बॉस म्हणजे देव! पेशन्स म्हणजे रोजचं पान रोज करणं, हा रमाबाईंचा सरळ साधा फंडा.

डाउन असताना डिसिजन नको

दुसरा माणूस पार स्पेनचा. इग्नेशियस लोयोला. राजेशाही थाटात वाढलेला, शौकीन, तलवारबाज. मे १५२१मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं म्हणून पुन्हा मोडून बसवलं, तेही त्या काळात, भूल न देता! महिनोन्‌महिने पलंगावर. वाचायला वीरांच्या प्रेमकथा मागितल्या, तर घरात सापडली ती येशूचं आणि संतांचं चरित्र सांगणारी पुस्तकं.

पडल्या पडल्या त्याला एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची आणि प्रेमाची स्वप्नं बघताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असा विचार केला, की नंतरही मन प्रसन्न राहायचं. मनाचं असं ट्रॅकिंग करता करता त्याने पुढे आख्खी साधनापद्धत तयार केली. तिचं पुस्तक १५४८मध्ये छापलं गेलं. त्याने स्थापन केलेल्या जेज्विट संघाला १५४०मध्ये पोपची मान्यता मिळाली होती, आणि त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये गोव्यात उतरला. मुंबईतलं आपलं सेंट झेवियर्स कॉलेज त्याच संघाचं, १८६९चं.

करिअर बदलायला उशीर झाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक माहिती. हा माजी सैनिक वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात शाळकरी पोरांच्या बरोबर लॅटिनचं व्याकरण गिरवायला बसला होता!

इग्नेशियसचा एक नियम तर ऑफिसच्या प्रत्येक क्युबिकलमध्ये चिकटवायला हवा. मन काळवंडलेलं असताना, देव कुठेच नाही असं वाटत असताना, आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. चांगल्या मनःस्थितीत जे ठरवलं होतं, तेच धरून राहायचं. म्हणजे बॉसने मीटिंगमध्ये झापल्यावर रात्री साडेअकराला राजीनाम्याचा मेल टाइप करायचा नाही. भांडण झाल्यावर ब्रेक-अपचा मेसेज पाठवायचा नाही. सोडायचंय ना? जरूर सोडा. पण मन शांत असलेल्या दिवशी.

आणि उत्तर आलंच नाही तर?

हा प्रश्न मी टाळला असता, तर हा लेख म्हणजे व्हॉट्सअॅपवरचं गुड मॉर्निंग झालं असतं.

मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ला दार्जिलिंगच्या गाडीत, गरिबांमध्ये जाऊन राहा अशी आतून हाक ऐकू आली. आपल्याला वाटतं, दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं असेल. छे! कलकत्त्याच्या आर्चबिशपनी त्यांना थांबवलं. पत्रापत्री, चौकशा, रोमची परवानगी. कॉन्व्हेंट सोडून बाहेर पडायला ऑगस्ट १९४८ उजाडला. देवाच्या कामालाही फाइल सरकायची वाट बघावी लागते तर!

पण खरी परीक्षा त्यानंतरची. २००७मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि जग चक्रावलं. काम सुरू झाल्यापासून जवळजवळ अर्धशतक या बाईला प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. आत सगळा अंधार आणि शांतता. काहींना ते ढोंग वाटलं. मला नेमकं उलटं वाटतं. छान वाटतंय तोवर विश्वास ठेवणं कुणालाही जमेल. काहीच वाटत नसताना पहाटे उठून तीच प्रार्थना म्हणायची आणि तोच माणूस रस्त्यावरून उचलायचा, याला विश्वास म्हणायचं. चर्चने २०१६मध्ये त्यांना संतपद दिलं, ते त्या पत्रांसकट.

खुद्द येशूचीही एक मागणी मान्य झालेली नाही, हे आपण विसरतो. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आदल्या घटकेला, हे दुःख टळू दे असं त्याने मागितलं. ते टळलं नाही. शुक्रवारी क्रूस. रविवारी पुनरुत्थान. पण मधला शनिवार? त्या दिवशी काहीच घडत नाही. चर्चमध्ये वेदी उघडी असते, दिवसभर मिस्सा होत नाही. चर्चने तो रिकामा दिवस कॅलेंडरमध्ये मुद्दाम ठेवलाय. नाताळच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आणि हा एक गप्प शनिवार. वाट पाहणं हा आयुष्यातला लोचा नसून तोही एक सीझन आहे, असंच जणू सांगायचंय.

माझ्या मैत्रिणीचे नऊ बुधवार कधीच संपले. भाऊ? तिसऱ्यांदा केंद्रात गेला, बाहेर आला, पाच महिने टिकला, पुन्हा एकदा घसरला. चमत्कार झाला असं लिहायला मला आवडलं असतं.

“मग फायदा काय झाला?” मी तिला थेट विचारलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुला उधळ्या मुलाची गोष्ट माहितीये? तो बाप मुलाच्या मागे डुकरांच्या खुराड्यापर्यंत गेला नव्हता. पण मुलगा लांबून येताना पहिल्यांदा दिसला तो त्यालाच. म्हणजे रोज रस्त्याकडे बघत असणार. मी पूर्वी भावाच्या मागे धावायचे. बाटल्या ओतून द्यायचे, उधारी फेडायचे, रात्री वीस फोन करायचे. आता नाही करत. दार बंद केलेलं नाही, पण पर्सही उघडी नाही ठेवलेली. आणि मुख्य म्हणजे, मी झोपते.”

दर आठवड्याला ती व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या सपोर्ट ग्रुपलाही जाते. तिथे जायला हवं हे तिला सुचवलं ते चर्चमधल्याच एका फादरनी.

ट्राय करून बघा

पेशन्स हा मसल आहे, वापरला तर वाढतो. इग्नेशियसची रोजची आत्मपरीक्षणाची पद्धत साधारण पंधरा मिनिटांची आहे. ट्रेनमध्ये, हेडफोन काढून, कुणालाही जमेल. देवावर विश्वास असेल तर त्याच्याशी बोला, नसेल तर शांत बसून करा.

• आधी थांबा. आपण एकटे नाही आहोत, एवढंच स्वतःला आठवून द्या.
• आज मिळालेल्या दोन-तीन गोष्टींचे आभार माना. वेळेवर आलेली लोकल चालेल!
• सकाळपासूनचा दिवस रिवाइंड करून बघा. मन कुठे खुललं, कुठे आवळलं?
• कुठे चुकलो, कुणाला दुखावलं, ते मान्य करा आणि माफी मागा.
• उद्याचं एकच काम डोळ्यांसमोर आणा आणि त्यासाठी बळ मागा. पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन आज नको.

एक धोक्याची सूचना

पेशन्स म्हणजे वाट्टेल ते सहन करणं नव्हे. ऑफिसात कुणी त्रास देत असेल, घरात कुणी हात उगारत असेल, तर ‘देव बघून घेईल’ म्हणत बसू नका. तक्रार करा, बाहेर पडा. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना भेटा. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि दुष्काळी भागातून मुलींना प्रत्यक्ष जाऊन आणलंही. याकोबाच्या पत्रात पेशन्ससाठी दाखला दिलाय तो पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचा. आणि शेतकरी वाट कधी बघतो? नांगरून, पेरून झाल्यावर! पाऊस त्याच्या हातात नाही, पेरणी आहे. आपल्या हातातलं कुठलं आणि हातातलं नाही ते कुठलं, एवढं रोज सकाळी वेगळं करता आलं, तरी निम्मं टेन्शन तिथेच उतरतं.

तुम्हीही सध्या कशाची तरी वाट बघत असाल. ऑफर लेटरची, रिपोर्टची, एखाद्या माणसाची. मग या आठवड्यात तुमच्या वाट्याची पेरणी करून टाका, फोन उलटा ठेवा आणि वेळेवर झोपा. आणि बुधवारी माहीमला उतरलात, तर मेणबत्ती घेण्याआधी चर्चमध्ये जाऊन त्या बाळाच्या पायाकडे एकदा नक्की बघा.